सेवा आपोआप जुळवणारं वेब: कापसाची गाडी कुठं भरायची हे मशीन ठरवेल का?

पराटीकाठी
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात आमची एक लहानशी शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तिचा हिशेब मी पाहतो. कंपनी म्हणजे काय, तर पत्र्याचं गोदाम, वजनकाटा, एक लॅपटॉप आणि सदा वाकडा चालणारा पंखा. वेचणी लागली की होळीपर्यंत रोज सकाळी एकच प्रश्न असतो: आज गाडी कुठं भरायची? दारव्हा, यवतमाळ, कारंजा, की सरळ जिनिंगवर?

त्यासाठी चार ठिकाणी डोकवावं लागतं. बाजारभावाचं एक पान, पावसाच्या अंदाजाचं दुसरं, गाडीभाड्यासाठी फोन, आणि हमीभावाच्या केंद्रावर नंबर कधी लागतो त्याची चौकशी. मागच्या हंगामात मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या दोन ठिकाणची माहिती ओढून तक्त्यात टाकतो. समोरच्यानं पानाची मांडणी बदलली की प्रोग्रॅम झोपतो. एका हंगामात तीनदा झोपला.

माझा भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, कायले हातानं शिवत बसता? सिमँटिक वेब म्हणून प्रकार आहे. प्रत्येक सेवा काय घेते, काय देते हे अर्थासकट लिहून ठेवायचं. तुम्ही फक्त 'हातात जास्त पैसे कुठं पडतील' एवढं विचारायचं. कोणत्या सेवा, कोणत्या क्रमानं, हे मशीन ठरवते."

त्यानं दाखवलेला लेख २००१ सालचा निघाला. माझ्या लग्नाच्याही आधीचा. तर विचारून राहिलो: इतक्या वर्षांत हे कुठं खरंच चालू झालं का? आणि आमच्या गोदामात चालेल का?

ठेचाभाकर
रुमाल टाकून ठेवतो. भाचा हुशार दिसते, पन त्याले इचारा, कापसाची गाडी कधी भरली काय त्यानं?

खडू_फळा
भाच्यानं दाखवला तो लेख मे २००१ च्या सायंटिफिक अमेरिकनमधला असणार. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला या तिघांचा. त्यात एक भाऊ-बहीण आईच्या फिजिओथेरपीच्या वेळा ठरवतात. त्यांचे 'एजंट', म्हणजे त्यांच्या वतीनं काम करणारे प्रोग्रॅम, विम्यात बसणारे, घराजवळचे, चांगल्या नावाचे दवाखाने शोधतात आणि दोघांच्या सवडीशी जुळवतात. वाचताना आपलंच घर आठवतं. फक्त आपल्याकडं तो एजंट म्हणजे शेजारचे काका असतात.

आता मुद्द्याचं. साधी वेब सेवा, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला विचारता येईल अशी सेवा, आपलं वर्णन डब्ल्यूएसडीएल नावाच्या साच्यात देते. त्यात एवढंच कळतं की आत एक शब्द जातो आणि बाहेर एक आकडा येतो. आकडा दराचा की पावसाचा, हे माणसानं वाचून ठरवायचं. ती उणीव भरायला, वर्णन अर्थासकट लिहिता यावं म्हणून, डॅम्ल-एस आणि मग आउल-एस आलं. आउल-एस नोव्हेंबर २००४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीकडं, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडं, सादर झालं. त्यात सेवेचे तीन कागद असतात: ती काय करते, आतून कशी चालते, आणि तिच्याशी प्रत्यक्ष बोलायचं कसं.

खरी गंमत पहिल्या दोनांत आहे. तिथं चार गोष्टी लिहाव्या लागतात. समजा गाडी ठरवायची सेवा आहे. आत काय जातं: गाव, वजन, तारीख. बाहेर काय येतं: बुकिंगचा नंबर. पूर्वअट: ॲडव्हान्स दिलेला हवा. परिणाम: गाडी त्या दिवसापुरती गुंतली आणि तुमच्या खात्यातून पैसे गेले. बाहेर आलेली माहिती वेगळी आणि जगात झालेला बदल वेगळा. हा फरक लिहिला नाही, तर मशीन 'नुसतं पाहू' म्हणून पाच गाड्या बुक करून बसेल.

मग जुळवणी उलटीकडून होते. हवं काय? हातात पडणारी रक्कम. ती कोण देतं? त्याला काय लागतं? दर आणि भाडं. ते कोण देतं? असं मागं मागं जात, तुमच्याकडं आधीच असलेल्या माहितीपाशी पोहोचलं की साखळी झाली.

चाक_माझं
माह्यी स्वताची गाडी हाये, म्हनून दोन शब्द. ॲडव्हान्स त शेवटचं झालं मास्तर. फोन आला की मी आधी पुसतो, शेतापर्यंत डांबर हाये का पांदन? पांदन असन अन् रातच्यानं पानी आलं असन, त मी येत नाई. काई केल्या येत नाई. काया जमिनीत चाक बसलं की मंग ट्रॅक्टर बलवा, त्याचे पैसे कोन देईन?

दुसरं. मी भाडं सांगतो ते परतीची गाडी रिकामी येईन असं धरून. यवतमायहून येतानी सिमेट भेटलं त कमी करतो. हे तुमच्या त्या कागदात कुठीसा लिवान?

खडू_फळा
चाकभाऊ, तुम्ही लिहिलीत तीच पूर्वअट. आणि माझ्या उदाहरणापेक्षा चांगली. मी वर्गात दरवर्षी विमानाचं तिकीट आणि हॉटेल हेच शिकवतो, कारण प्रत्येक शोधनिबंधात तेच असतं. पुढच्या वर्षी पांदण घेतो.

कुंपणावरचा
थंड पाणी ओतायला आलो आहे, माफ करा.

मी बँकांसाठी सेवा जोडायची कामं केली आहेत. २००० साली यूडीडीआय नावाची सेवांची सार्वजनिक नोंदवही निघाली. कल्पना अशी की जगातल्या कंपन्या आपापल्या सेवा तिथं नोंदवतील आणि दुसऱ्यांची मशीनं त्या शोधून वापरतील. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप तिच्या सार्वजनिक प्रती चालवत होत्या. जानेवारी २००६ मध्ये तिघांनी त्या बंद केल्या. वधूवर सूचक मंडळ थाटात उघडलं, पण अनोळखी घरात सोयरीक करायला कोणी तयार नव्हतं. कंपन्या जिच्याशी करार आहे तिच्याशीच जोडतात, आणि ते जोडायला एक माणूस आणि दोन आठवडे पुरतात.

आउल-एसचंही तसंच. वर्णन लिहायचं कष्ट सेवा देणाऱ्याला, फायदा वापरणाऱ्याला. बाजारभावाचं पान चालवणारा तुमच्या गोदामासाठी तर्कशास्त्र कशाला लिहील?

ठेचाभाकर
कुंपनभाऊ, स्थयं भरपूर येतेत हो. पोट्ट्याले नोकरी पायजे फक्त.

मृदगंध
मी मूळची अकोटची, आता पुण्यात. एमटेकचा प्रकल्प याच विषयावर केला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेरीलँड विद्यापीठातल्या मंडळींनी आउल-एसची वर्णनं शॉप-टू नावाच्या, कामाचा क्रम लावणाऱ्या प्रोग्रॅमला खाऊ घातली होती. मोठं काम लहान कामांत फोडत जायचं, ही त्याची पद्धत. मीही तसंच केलं. डझनभर सेवा मी स्वतः लिहिल्या, त्यांची वर्णनंही स्वतःच लिहिली, आणि त्या सुरेख जुळल्या. परीक्षक खूश. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की दोन्ही टोकांना मीच बसले होते. माझ्या सेवा माझ्याच शब्दांत बोलत होत्या, न जुळून सांगतात कोणाला?

मग बाबांच्या हट्टापायी खरी माहिती घेऊन पाहिली. पहिलाच दणका 'कॉटन' या शब्दानं दिला. आपल्याकडं पराटी म्हणजे झाड, कापूस म्हणजे वेचून आणलेला, त्यातून निघते ती रुई, उरते ती सरकी. चार वस्तू, चार भाव. इंग्रजीत सगळीकडं नुसतं कॉटन. एका ठिकाणचा दर क्विंटल कापसाचा होता, दुसऱ्या ठिकाणचा खंडीभर रुईचा. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते. माझ्या मशीननं दोन्ही दर एकाच रांगेत लावले आणि आनंदानं सांगितलं की रुईवाल्याकडं जा, तिथं सात-आठ पट भाव आहे. बाबा म्हणाले, "पोरगी शिकली, आता सोन्याचा कापूस होईल."

यावर औषध आहे, पण कडू आहे. आधी संकल्पनांची वंशावळ लिहायची. एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा, ॲग्रोव्हॉक नावाचा शेतीचा शब्दसंग्रह १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. त्यात प्रत्येक संकल्पनेला कायमचा पत्ता असतो आणि त्याखाली अनेक भाषांतले शब्द, हिंदीसुद्धा. शब्द कोणताही येवो, मशीन पत्ता पाहतं.

वंशावळ असली की जुळवणीला पायऱ्या लावता येतात. पाओलुची आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली रीत अजून शिकवतात. तुम्हाला तुरीचा दर हवा आणि सेवा तुरीचाच देते: तंतोतंत. सेवा म्हणते 'डाळवर्गीय पिकांचे दर देते': त्यात तूर असेल असं धरून चालायला हरकत नाही, पण एक पायरी खाली. तुम्हाला सगळ्या डाळवर्गीय पिकांचे हवेत आणि सेवा नुसत्या तुरीचा देते: काम अर्धं होईल, आणखी एक पायरी खाली. काहीच नातं नाही: नापास.

चाक_माझं
खंडी म्हन्जे किती हो ताई? आमच्याकडं ज्वारीची खंडी अलग होती.

मृदगंध
रुईची खंडी ३५६ किलोची. मूळ माप ७८४ पौंड, त्यावरून. ज्वारीची खंडी वेगळी आणि तीही गावोगाव वेगळी. पाहिलंत का, हाच तो घोळ.

ठेचाभाकर
आमच्या आबाजीची खंडी त्याहून अलग. त्याईच्यावाली मोजतानी भरे, देतानी भरे नाई.

निवृत्त_पटवारी
तरुण मंडळी छान लिहीत आहेत. संगणकातलं मला फार कळत नाही, पण नावांचा घोळ मी चौतीस वर्षं नोकरीत पाहिला आहे.

कारंजा म्हटलं तर कोणतं? वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड, की वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे? दोन्ही तालुक्याची ठिकाणं. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार, बाहेरचा माणूस हमखास चुकीच्या गाडीत बसतो. वडगाव आणि पिंपळगाव तर विचारूच नका.

त्याहून अवघड म्हणजे रिठी. मौजा कागदावर आहे, नकाशा आहे, गट नंबर आहेत, सातबारे निघतात, पण घर एकही नाही. पटकी, प्लेग, पाण्याची टंचाई, कशानं तरी गाव उठलं ते उठलं. एखाद्या रिठीत पांढरीच्या जागी एक मारुती आणि चिंचेचं झाड, एवढंच गाव. शेतकरी राहतो एका गावात, शेत दुसऱ्या मौजात. तुमचं मशीन विचारेल 'तुमचं गाव कोणतं?' आणि शेतकरी राहतो ते गाव सांगेल. गाडी पाठवायला ते चालेल, पावसाला कदाचित चालेल, पण पिकाच्या नोंदीला अजिबात चालणार नाही. म्हणजे 'गाव' हा शब्द एकच, पण विचारणाऱ्यागणिक वेगळा.

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे. तिच्यात गावाला, तालुक्याला, जिल्ह्याला संकेतांक दिलेले असतात. नाव लिहूच नका, तो आकडा लिहा. आम्हीही शेवटी नाव पाहायचं सोडून आकडाच पाहत होतो.

पराटीकाठी
काका, तुमचं वाचून मला घाम फुटला. मागच्या डिसेंबरात माझ्या तक्त्यानं 'कारंजा, उद्या पाऊस' असं दाखवलं. मी दोन दिवस गाडी थांबवली. इकडं आभाळ स्वच्छ. सभासद येऊन वर पाहायचे, मग माझ्याकडं पाहायचे. आत्ता जुनी फाइल उघडून अक्षांश-रेखांश तपासले, तो अंदाज घाडगेंच्या कारंज्याचा होता. शंभराहून जास्त किलोमीटर लांब. चूक माझीच, मी नुसतं 'कारंजा' लिहिलं होतं.

ठेचाभाकर
म्हन्जे घाडग्याच्या पावसात लाडाचा कापूस भिजला. 😀

सांजवात
एवढी वंशावळ, एवढे पत्ते कशाला? आता एआयला सांगा ना. तो आपोआप सेवा हुडकतो, वापरतो. आमच्या ऑफिसात रोज चालतं.

खडू_फळा
प्रश्न योग्य आहे. भाषेच्या मॉडेलला आता सेवांची यादी देता येते: नाव, साध्या वाक्यांत वर्णन आणि आत काय द्यायचं त्याचा साचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल याचसाठी आहे. कोणती सेवा कधी बोलवायची हे मॉडेल वर्णन वाचून ठरवतं. भाच्यानं सांगितलेलं स्वप्न बऱ्याच अंशी हेच, फक्त तर्कशास्त्राच्या जागी वाचनाची हुशारी आली. कुंपणभाऊंच्या आक्षेपालाही हे थोडं उत्तर आहे, कारण दोन साधी वाक्यं लिहायला कोणी कंटाळत नाही.

फरक एवढाच की तर्कावरचा जुळवणारा जुळलं नाही तर 'नापास' म्हणून थांबतो. हा थांबत नाही, मधली जागा अंदाजानं भरतो.

पराटीकाठी
खरं आहे. काल रात्री एकाला विचारून पाहिलं, "कारंज्याला उद्या पाऊस आहे का?" न विचारता एक कारंजा धरून मोकळा.

कुंपणावरचा
अंदाजाचं निघालंच आहे, तर उलट टोकाची अडचणही सांगतो. आउल-एस ज्या आउल भाषेवर उभं आहे, तिचा स्वभाव असा की जे लिहिलेलं नाही ते खोटं नाही, फक्त 'माहीत नाही'. आम्ही डेटाबेसवाले ओळ सापडली नाही की गोष्ट नाही असं धरतो आणि कामाला लागतो. व्यवहारात तेच लागतं. चाकभाऊंची पूर्वअट घ्या. 'पांदणीवर पाणी आलं' अशी नोंद नाही. आमचा प्रोग्रॅम म्हणेल रस्ता कोरडा, गाडी पाठवा. आउलवाला म्हणेल ठाऊक नाही, आणि बसून राहील. असं बसून राहिलं तर होळी येईल.

मृदगंध
आणि मला आउलचा नेमका तोच स्वभाव आवडतो. दोन वर्षांपूर्वी आईच्या शेतात तूर कमरेएवढी उभी होती आणि कागदावर शेत पडीक. नोंद राहून गेली होती. नोंद नाही म्हणजे पेरलंच नाही, असं समोरच्यानं धरलं. आई फोटो घेऊन तीन चकरा मारून आली. 'माहीत नाही, जाऊन पाहू' एवढं म्हणायची सोय त्या खिडकीत नव्हती.

कुंपणावरचा
हे मान्य. बँकांच्या जगात राहून माझं लक्ष तिकडं गेलं नव्हतं.

निवृत्त_पटवारी
खिडकीच्या आतल्या बाजूनं सांगतो, ताई: सोय होती. बांधावर जायला गाडी नव्हती.

पराटीकाठी
तर मंडळी, माझ्या मूळ प्रश्नाचं काय? कुठं चालू झालं का?

मृदगंध
भाच्यानं सांगितलं तसं, अनोळखी सेवा शोधून आपोआप जुळवणारं, खुल्या जाळ्यावर सरसकट चाललं नाही. पण अर्थ लिहून ठेवायची सवय उरली. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहूनं मिळून स्कीमा डॉट ऑर्ग काढलं. पाककृतीचा वेळ किंवा दुकानाची वेळ शोधयंत्राला कळते ती अशा खुणांमुळं. जिथं आधी बसून शब्द ठरवले तिथं जुळवणीही चालते. ओएनडीसी हे खरेदी-विक्रीचं खुलं जाळं पाहा, ते बेकन प्रोटोकॉल नावाच्या ठरलेल्या नियमांवर चालतं. विकणारा, घेणारा, पोहोचवणारा वेगवेगळ्या ॲपवर असले तरी बोलतात, कारण 'शोध', 'ऑर्डर', 'पोहोच' यांचा अर्थ आधीच पक्का केलेला आहे.

तुमच्या गोदामात चालेल. तिथं चारच सेवा आहेत आणि शब्द ठरवणारे तुम्हीच. बाहेरच्यांनी वर्णन लिहायची वाट पाहू नका, त्यांच्या वतीनं तुम्ही लिहा.

पराटीकाठी
दहा दिवसांनी परत येऊन राहिलो. मधे दिवाळीला भाचा आला होता. फराळ कमी आणि भांडण जास्त झालं.

प्रोग्रॅमला हात लावायच्या आधी आम्ही एका वहीत शब्द लिहिले. बाजारांना नावांऐवजी आकडे दिले, पटवारी काकांच्या सल्ल्यानं. कापूस, रुई, सरकी वेगळे केले. 'दर' या एका शब्दाचे तर चार तुकडे झाले: किमान, कमाल, सर्वसाधारण आणि हमीभाव. मग प्रत्येक ठिकाणासाठी एक कागद: काय द्यायचं, काय मिळतं, कधी विश्वास ठेवायचा नाही. हमीभावाच्या कागदावर पूर्वअट आली ती अशी: २०२५-२६ साठी लांब धाग्याला क्विंटलला ८११० रुपये, पण ओलावा ८ टक्क्यांपर्यंत. त्यापुढं १२ पर्यंत टक्क्याला टक्का कपात, आणि १२ च्या वर सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारी केंद्राची संस्था, घेतच नाही. म्हणजे ११ टक्के भरला तर हातात साधारण ७८६६.

वही भरायला चार दिवस लागले. भाच्याचा उलटीकडून जुळवणारा प्रोग्रॅम एका संध्याकाळी झाला. पान बदललं तर अजूनही झोपेल, पण आता तेवढा एकच कागद दुरुस्त करायचा, बाकी साखळी तो स्वतः लावतो.

पहिल्या सकाळी चालवला. आम्ही दोघं चहा घेऊन समोर बसलो. उत्तर आलं: 'ठरवता येत नाही. ओलावा माहीत नाही.' भाच्याला वाटलं बिघडला. बिघडला नव्हता. चारही ठिकाणांपैकी ओलावा कोणीच देत नाही. तो आमच्याच गोदामात, गंजीत हात घालून कळतो. मागचा सबंध हंगाम माझ्या जुन्या तक्त्यानं कापूस कोरडाच धरला होता आणि मला पत्ताही नव्हता.

मापाऱ्याला विचारलं ओलावा किती, तर म्हणे, "जरासाक."

ठेचाभाकर
जरासाक म्हन्जे किती टक्के, त्याचा बी आकडा ठरवा आता. ॲग्रोव्हॉकले कयवा.

खडू_फळा
त्या वहीच्या दोन पानांचे फोटो टाकता येतील का? वर्गात दाखवीन, नाव-गाव झाकून.

पराटीकाठी
टाकतो सर. ओलावा मोजायचं मीटर कपाटात होतं, सेल गेलेले. नवीन टाकले.

चाक_माझं
माह्या गाडीचा बी कागद लिवा त्याच्यात. पांदन ओली असन त नाई. सा वाजल्यानंतर भरनं नाई. परतीचा माल भेटला त भाडं कमी. अन् पांदन कोनती ते बी लिवजा, गावाच्या नावानं नाई, कुठून कुठं ते.

निवृत्त_पटवारी
पांदणीचा उल्लेख गावनकाशात असतो. नकाशाची प्रत काढून घ्या, त्यावर खूण करू.

चाक_माझं
ते होत राहीन काका. पराटीभाऊ, उद्या गाडी पायजे का नाई ते सांगा, दुसऱ्याचा फोन येऊन राह्यला.

पराटीकाठी
पाच मिनिटं थांबा. मीटर घेऊन गोदामात चाललो.